पावसाळ्यात खाणीचा कडा सरकतोय का, ते सळई आणि फितीने कसं ओळखायचं

कोकणातल्या खाणीचा माथा दिसायला भरभक्कम असतो, कारण वर जांभ्याचं कवच असतं. गोम त्याच्या खाली आहे. जांभ्याखाली बऱ्याच ठिकाणी पांढुरकी-जांभळट, ओली झाली की साबणासारखी बुळबुळीत होणारी चिकण माती लागते. पावसाचं पाणी सच्छिद्र जांभ्यातून झपाट्याने उतरतं, या मातीवर अडतं आणि कड्यातून झऱ्यांनी बाहेर पडतं. अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस चार महिन्यांत झेलायचा, म्हणजे मोजमापाची मांडणी मृगाआधीच व्हायला हवी.

मे महिन्यात माथ्यावरचं गवत काढून, काठापासून आत निदान कड्याच्या उंचीइतक्या पट्ट्यात चालून बघा. काठाला समांतर जाणारी भेग शोधायची. जांभ्यात जुन्या भेगा असतातच. त्यांच्या कडा झिजलेल्या असतात, आत माती आणि शेवाळ. नव्या भेगेची कड धारदार, आतला रंग ताजा आणि आडवी गेलेली मुळं ताणलेली किंवा तुटलेली. भेगेच्या दोन्ही टोकांना ऑइलपेंटने रेघ मारून तारीख घाला. चुना पहिल्या सरीत वाहून जातो.

आता सळया. 16 मिमीची, सुमारे 60 सेंमी लांब सळई घ्या. घणाने ठोकली तर जांभा फुटतो आणि सळई खुळखुळत राहते. ड्रिलने 40 सेंमी भोक पाडून सिमेंटमध्ये बसवा. भेगेच्या दोन्ही बाजूंना, भेगेपासून मीटरभर अंतरावर एकेक. अशा तीन जोड्या: एक मध्ये, दोन टोकांजवळ. सळईच्या डोक्यावर पंचने ठिपका मारा आणि माप ठिपक्यापासून ठिपक्यापर्यंतच घ्या. फीत स्टीलची हवी, कापडी फीत ताणते. 20 अंशांच्या फरकाने स्टीलची फीत दर 10 मीटरला सव्वादोन मिमी लांबते. दोन मीटरच्या जोडीत ही चूक अर्ध्या मिमीची, पण लांब मापात ती खोटी हालचाल दाखवते. म्हणून रोज सकाळी सातला, त्याच माणसाने, तीनदा मोजावं.

नुसती रुंदी मोजणं ही सर्रास होणारी चूक. तुकडा सरळ खाली बसत असेल तर भेग फारशी रुंदावतच नाही. दोन सळयांच्या डोक्यांतला उंचीचा फरक पाण्याच्या पारदर्शक नळीने घ्या. नळीत बुडबुडा राहिला की माप सेंटीमीटरने चुकतं.

मुसळधार पावसात काठावर कुणी जायचं नाही. तेव्हा तार कामाला येते. काठाकडच्या सळईला बांधलेली तार भेगेवरून मागे, पक्क्या जमिनीवरच्या तिकाटण्याच्या कप्पीवरून न्यायची, टोकाला पाच किलोचं वजन, शेजारी पट्टी. काठ पुढे सरकला की वजन वर चढतं. ठरावीक अंतर वर गेल्यावर वजन स्विच दाबून भोंगा वाजवेल, अशी सोयही होते. खाऱ्या वाऱ्यात साधी तार गंजते, स्टेनलेस वापरा. आणि कुंपण घाला, नाहीतर भोंगा गुरंच वाजवतील.

टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजणारं सर्व्हेचं यंत्र) असेल तर कड्यावर त्याचा किरण परत पाठवणारे प्रिझम लावा, पण यंत्राचा खांब आणि संदर्भाचे दोन-तीन बिंदू सरकत्या भागाबाहेर हवेत. कोनाच्या 5 सेकंद अचूकतेच्या यंत्रात 300 मीटरवर सात मिमीची चूक सहज येते. दोन मिमीच्या हालचालीसाठी त्यावर विसंबू नका.

पाण्याकडे मात्र फितीइतकंच लक्ष हवं. पर्जन्यमापक रोज वाचा. मातीच्या थरापर्यंत बोअर घेऊन छिद्रं पाडलेला पीव्हीसी पाइप सोडा, पातळी मोजा. झरे रोज बघा. झऱ्याचं पाणी गढूळ होणं वाईट; पाऊस चालू असताना वाहता झरा अचानक आटणं त्याहून वाईट, कारण वाट बुजली की पाणी आतच तुंबतं आणि दाब वाढतो.

वहीत एकूण सरकण लिहाच, पण बघायचं ते 24 तासांत किती सरकलं ते. समजा चार दिवसांत हालचाल 2, 2.5, 3.3, 5 मिमी झाली. प्रत्येक आकड्याने 1 ला भागा: 0.5, 0.4, 0.3, 0.2. हे आकडे दिवसांप्रमाणे आलेखावर मांडून रेघ पुढे ओढली तर ती सहाव्या दिवशी शून्याला टेकते. कडा कोसळण्याचा अंदाज तोच. जपानी संशोधक फुकुझोनो यांनी 1985 मध्ये मांडलेली ही रीत. फितीच्या एक-दोन मिमी चुकीमुळे लहान आकड्यांवर ती फसते, म्हणून तारखेची वाट बघत बसू नका. रोजचा वेग सलग दोन दिवस वाढला की खालची माणसं आणि पोकलेन बाहेर. हा हुकूम द्यायचा अधिकार माप घेणाऱ्यालाच असावा, मॅनेजरचा फोन लागेपर्यंत थांबू नये. अमेरिकेतल्या बिंगहॅम कॅन्यन खाणीत एप्रिल 2013 मध्ये प्रचंड कडा कोसळला, तरी हालचाल आधीच मोजली जात असल्याने माणसं बाहेर होती.

मोजमाप केलं म्हणून उभा कडा चालतो असं नाही. मेटलिफेरस माइन्स रेग्युलेशन्स 1961 (कोळसा-तेल सोडून इतर खाणींचे आपले सुरक्षा नियम) प्रमाणे माती-मुरमात उतार 45 अंशांहून जास्त नको, किंवा दीड मीटरचे टप्पे आणि टप्प्याची रुंदी उंचीपेक्षा कमी नको. पायथा पोखरायला बंदीच आहे. चिकण माती मऊ म्हणून आधी खालून काढायची सवय इथेच अंगाशी येते.

पाऊस सरल्यावर काम सुरू करताना सळया उपटू नका. आधीचे आकडे तसेच ठेवून त्याच वहीत पुढे लिहा, आणि पायथ्याशी माणूस उतरवण्याआधी सलग आठ दिवस हालचाल फितीच्या चुकीच्या आतच आहे याची खात्री करा. वरचे सुटे दगड पहारीने पाडायचे ते माथ्याकडून, दोर बांधून.