०एक्स८००७००७० : विंडोजचा एरर कोड असा उलगडला

म्हापशात भावाचं झेरॉक्सचं दुकान आहे. चवथीच्या तोंडावर तिथल्या कॉम्प्युटरवर विंडोज अपडेट अडकलं. स्क्रीनवर फक्त ‘०एक्स८००७००७०’. भाऊ म्हणाला, "दादा, फॉरमॅट मारूया काय?" मी थांबवलं.

सुरुवातीच्या ८ चा अर्थ काम फसलं. त्यापुढचे ००७ सांगतात की चूक विंडोजच्या मूळ यादीतली आहे. खरी गोष्ट शेवटच्या चार अंकांत असते, पण ती हेक्समध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळावर चालणाऱ्या अंकपद्धतीत. कॅल्क्युलेटर प्रोग्रॅमर मोडवर नेला, हेक्समध्ये ७० टाकलं, डेसिमलला, म्हणजे आपल्या नेहमीच्या अंकांत, ११२ आलं. मग कमांड प्रॉम्प्टवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत, ‘नेट हेल्पएमएसजी ११२’ दिलं. सरळ उत्तर: डिस्कवर पुरेशी जागा नाही. एवढं वाक्य स्क्रीनवर आधीच दाखवायला काय हरकत होती? दुकानदाराने हेक्स का शिकावं? याचा मला खरोखर राग येतो.

सी ड्राइव्ह काठोकाठ भरला होता. सेटिंग्ज, सिस्टम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स असं जाऊन जुन्या अपडेटचा कचरा काढला. इथे जपा: त्या यादीत डाउनलोड्सचा फोल्डरही असतो. भावाच्या दुकानात गिऱ्हाइकांची आधार कार्डं, दाखले त्यातच होते. त्या फोल्डरपुढची टिकची खूण काढूनच पुढे गेलो. रीस्टार्टनंतर अपडेट विनातक्रार बसलं.

हीच युक्ती ०एक्स८००७०००५ ला लावली तर ५ येतो, म्हणजे परवानगी नाही. शेवटी ००२० असेल तर ३२, म्हणजे फाइल दुसऱ्या प्रोग्रॅमने धरून ठेवलीय.