‘इन्क्रीज’ वापरताना या चुका टाळा

‘इन्क्रीज’ची फोड ‘इन’ आणि ‘क्रीज’ अशी करून त्याचे नाते कपड्याच्या घडीशी किंवा फलंदाजाच्या रेषेशी जोडणे चुकीचे आहे. हा शब्द लॅटिनमधील ‘इन्क्रेस्केरे’ या क्रियापदापासून जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. त्यातील ‘क्रेस्केरे’ म्हणजे वाढणे, आणि आरंभीचा ‘इन’ हा ‘इन्करेक्ट’मधल्यासारखा नकारार्थी नाही. या धातूचे गोत्र मोठे आहे. ‘इन्क्रिमेंट’ आणि ‘डिक्रीज’ चटकन ओळखू येतात. परंतु ‘क्रेसेंट’ म्हणजे मुळात कोरीचा आकार नसून वाढता चंद्र, ‘रिक्रूट’ म्हणजे सैन्यात पडलेली नवी भर आणि ‘काँक्रीट’ म्हणजे एकत्र वाढून घट्ट झालेले, हे सहसा ध्यानात येत नाही.

जुना मजकूर वाचताना वेगळीच गफलत होते. 1611 साली छापलेल्या किंग जेम्स बायबलमध्ये भूमी आपला ‘इन्क्रीज’ देते, तेव्हा तेथे पीक अभिप्रेत असते. संततीलाही हाच शब्द वापरला जाई. अशा ठिकाणी भाषांतरात ‘वाढ’ लिहिले की वाक्याचा अर्थच हरवतो.

उच्चारात शेवटचा वर्ण ‘ज’ नसून ‘स’ आहे, मग आपण देवनागरीत काहीही लिहीत असू. शिवाय नाम असेल तर आघात पहिल्या अवयवावर, म्हणजे ‘इन’वर, आणि क्रियापद असेल तर दुसऱ्या अवयवावर, म्हणजे ‘क्रीज’वर येतो.

मराठीभाषकांची खरी अडचण व्याकरणात आहे. आपल्याकडे ‘वाढणे’ आणि ‘वाढवणे’ ही दोन क्रियापदे आहेत. इंग्रजीत मात्र तापमान आपोआप वाढले तरी आणि ते कोणी वाढवले तरी ‘इन्क्रीज’च चालतो. त्यामुळे आपोआप घडलेल्या वाढीसाठीही ‘वॉज इन्क्रीज्ड’ असा कर्मणी प्रयोग केला जातो आणि वाचणाऱ्याला वाटते की कोणीतरी मुद्दाम तापमान वाढवले. ‘राइज’ आणि ‘रेज’ यांच्यात हा भेद शिल्लक आहे. पहिले अकर्मक, दुसरे सकर्मक. संशय असेल तेथे या जोडीचा आधार घेणे मला अधिक सोयीचे वाटते.

सर्वांत महागात पडणारी चूक ‘बाय’ आणि ‘टू’ यांच्या अदलाबदलीची आहे. संख्या 40 वरून 60 झाली, तर ती ‘बाय 20’ वाढली आणि ‘टू 60’ पोहोचली. हीच वाढ टक्क्यांत सांगायची तर 50 टक्के होते. मूळ आकडाच टक्क्यांत असेल तर आणखी जपावे लागते. व्याजदर 4 टक्क्यांवरून 6 टक्क्यांवर गेला, तर ती वाढ 2 टक्क्यांची नव्हे, 2 टक्केबिंदूंची (दोन टक्केवारींमधल्या थेट फरकाची), म्हणजेच मूळ दराच्या 50 टक्के असते. नामाबरोबर, काय वाढले ते सांगताना ‘इन’ आणि किती वाढले ते सांगताना ‘ऑफ’ वापरावे. ‘इन्क्रीज’ला ‘अप’ जोडण्याचे कारण नाही, कारण ती दिशा क्रियापदातच आलेली आहे.