रीडिंगमधला प्रवासाचा पॅसेज सोडवून झाला, आता चुका कशा तपासायच्या

आयेल्ट्सची, म्हणजे परदेशी जायला लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेची, प्रॅक्टिस टेस्ट झाली की आपण काय करतो, आन्सर की उघडतो, 40 पैकी किती आले मोजतो, 24 आले की तोंड पाडून बसतो आणि दुसऱ्या दिवशी नवीन टेस्ट घेतो. माझं दोन महिने हेच चाललेलं, मार्क काय हलेनात.

आता असं करा, आन्सर की बघायच्या आधीच ज्या उत्तरात धाकधूक वाटली तिथं पेन्सिलनं खूण करा. मग आन्सर की बघा. खूण केलेलं चुकलं तर ठीक आहे, पण खूण नसलेलं चुकलंय का ते आधी शोधा, म्हणजे जिथं छातीठोकपणे चुकलाय ते.

माझंच सांगतो. पॅसेजमधला माणूस रात्री छोट्या स्टेशनवर उतरतो, शेवटची बस गेलेली, वर पाऊस. प्रश्नात वाक्य होतं, त्यानं रात्र स्टेशनवर काढली, आणि ते ट्रू, फॉल्स का नॉट गिव्हन ते लिहायचं होतं. मी डोळे झाकून ट्रू. उत्तर नॉट गिव्हन! पॅसेज पुढं थेट सकाळवर जातो. स्टेशनवर झोपलेला मी होतो, लोंढ्याला, गोव्याची गाडी चुकलेली तेव्हा, बॅग उशाला घेऊन. विषय ओळखीचा असला की पॅसेजनं न सांगितलेलं पण आपणच भरून टाकतो, आणि प्रवास तर सगळ्यांनी केलेला असतोय. म्हणून ट्रू लिहिलेल्या प्रत्येक उत्तराला पॅसेजमधल्या ओळीवर बोट ठेवून दाखवा. पॅसेज उलटं सांगत असेल तर फॉल्स, गप्प असेल तर नॉट गिव्हन.

शब्दांचं वेगळं पान करा. आपण जर्नी, ट्रिप, व्हॉयेज सगळ्याला प्रवास म्हणून मोकळे होतो, पण ट्रिप म्हणजे जाऊन परत येणं, व्हॉयेज बहुतेक समुद्रातला लांबचा, आणि सौंदत्तीच्या यल्लम्माला जाणं हे पिल्ग्रिमेज. प्रश्नात नेमका असा शब्द बदलून येतो.

वेळेचं सरळ आहे, 60 मिनिटं, 3 पॅसेज, उत्तरं उतरवायला वेगळा वेळ नाही.

चार दिवसांनी तोच पॅसेज परत, जुनी उत्तरं झाकून. मी निपाणीच्या बसमध्ये करतो, हत्तरगीचा टोलनाका यायच्या आत एक पॅसेज होतोय, बसायला जागा मिळाली तर.