घरच्या टेबलावर डॅकची मोजणी

फोंड्याजवळच्या फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात किंवा गोव्यातील एखाद्या पॉलिटेक्निकात इलेक्ट्रॉनिक्स शिकणारी मुले मला वरचेवर विचारतात की, गाणी ऐकण्यासाठी घेतलेल्या डॅकची (डिजिटल फाईलचे ऐकण्याजोग्या विद्युत संकेतात रूपांतर करणाऱ्या उपकरणाची) कामगिरी घरच्या घरी मोजायची तर कोणते यंत्र घ्यावे. व्यावसायिक प्रयोगशाळांत वापरले जाणारे ऑडिओ प्रिसिजनचे विश्लेषक कित्येक लाखांचे असतात आणि शिकणाऱ्याला त्यांची गरज नाही. लॅपटॉप, लाइन इनपुट असलेला बऱ्यापैकी ऑडिओ इंटरफेस (संगणकात आवाज घेणारी आणि बाहेर देणारी पेटी), दोन आखूड केबली, ट्रू आरएमएस मल्टिमीटर आणि मोफत मिळणारे ‘रूम ईक्यू विझार्ड’ हे सॉफ्टवेअर एवढ्यावर काम सुरू होते. साहित्य जमवणे एका फेरीत उरकते. पडद्यावरचा आकडा डॅकचा की आपल्याच मांडणीचा, हे ओळखायला शिकण्यात मात्र आठवडे जातात.

म्हणूनच डॅक जोडण्याआधी इंटरफेसचे आउटपुट त्याच्याच इनपुटला जोडावे, म्हणजे लूपबॅक करावा, आणि येणारा आकडा वहीत टिपून ठेवावा. त्यात इंटरफेसच्या दोन्ही बाजूंचे दोष मिसळलेले असले, तरी आपली मांडणी कुठवर पोहोचते हे त्यावरून कळते. मोजणाऱ्या साधनाचा नॉइज (आपोआप मिसळणारी खरखर) डॅकच्या नॉइजपेक्षा १० डेसिबलने कमी असेल, तर वाचनात अर्ध्या डेसिबलहूनही कमी फरक पडतो. दोन्ही सारखेच असतील तर तो फरक ३ डेसिबलचा होतो. डिस्टॉर्शनचे, म्हणजे स्वराचा मूळ आकार बिघडण्याचे, गणित इतके सरळ नाही. डॅकने आणि इंटरफेसच्या एडीसीने (संकेत पुन्हा आकड्यांत बदलणाऱ्या भागाने) निर्माण केलेली तिसरी हार्मोनिक (मूळ स्वराच्या तिप्पट फ्रिक्वेन्सीचा उपस्वर) उलट फेजमध्ये आली, तर ती एकमेकांना खोडतात आणि साधारण डॅकही पडद्यावर उत्कृष्ट दिसू लागतो. आकडा अपेक्षेपेक्षा चांगला आला की मी आधी संशय घेतो आणि एडीसीकडे जाणारी पातळी दोन-तीन डेसिबलने खाली-वर करून पाहतो. तेवढ्यावर एखादी हार्मोनिक एकाएकी वर आली, तर आधीचे वाचन बाद समजावे.

जोडणीत दोन पथ्ये पाळावीत. माइकच्या इनपुटऐवजी लाइन इनपुट वापरावे आणि माइकला वीज पुरवणारे ४८ व्होल्टचे फँटम पॉवर बंद असल्याची खात्री करावी, कारण तो दाब उलटा डॅकच्या आउटपुटवर गेला तर ते आउटपुट जळू शकते. साध्या आरसीए (गोल पिनेच्या) आउटपुटच्या बहुतेक डॅकची पूर्ण पातळी २ व्होल्टच्या आसपास असते. ती मल्टिमीटरने तपासताना १००० हर्ट्झऐवजी ५० किंवा १०० हर्ट्झचा स्वर वाजवावा, कारण स्वस्त मल्टिमीटर वरच्या फ्रिक्वेन्सीला हमखास कमी दाखवतात.

चाचणीचा स्वर संगणकातून डॅकपर्यंत जसाच्या तसा पोहोचला पाहिजे. विंडोजचा मिक्सर वाटेत सॅम्पल दर (दर सेकंदाचे नमुने) बदलू शकतो, म्हणून त्या मिक्सरला वगळणारी एएसआयओ किंवा वासापीची एक्सक्लुझिव्ह पद्धत निवडावी. बहुतेक जण १००० हर्ट्झवर मोजतात, मी ९९७ हर्ट्झ पसंत करतो. ४८,००० च्या दराला १००० हर्ट्झचा आकार दर ४८ सॅम्पलनंतर तंतोतंत परत येतो, त्यामुळे डिदर (मुद्दाम मिसळलेला अत्यल्प नॉइज) नसेल तर १६ बिटांच्या ६५,५३६ पायऱ्यांपैकी जास्तीत जास्त ४८ पायऱ्यांचीच तपासणी होते. ९९७ ही मूळ संख्या असल्यामुळे तोच आकार परत यायला पूर्ण ४८,००० सॅम्पल लागतात. चाचणीची फाईल २४ बिटांची असावी. १६ बिटांच्या फाईलची सैद्धांतिक मर्यादाच सुमारे ९८ डेसिबल आहे आणि योग्य डिदर मिसळला की ती ९३ च्या आसपास येते, तेव्हा अशा फाईलवर मोजून डॅकला नावे ठेवण्यात अर्थ नाही.

नवख्यांची सर्वांत मोठी फसगत एफएफटीच्या, म्हणजे संकेतातल्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या करून दाखवणाऱ्या गणिताच्या, आलेखावर होते. आलेखाचा तळ उणे १५५ डेसिबलवर (पूर्ण पातळीपेक्षा १५५ डेसिबल खाली) दिसला की ‘माझ्या डॅकचा नॉइज उणे १५५’ असे लिहून मोकळे होतात. वास्तविक एफएफटी सगळा नॉइज हजारो अरुंद खणांत वाटून टाकते. ६५,५३६ बिंदूंच्या एफएफटीत असे ३२,७६८ खण होतात, म्हणून प्रत्येक खणातला नॉइज एकूण नॉइजपेक्षा सुमारे ४५ डेसिबलने खाली दिसतो; विंडोच्या (एफएफटीआधी नमुन्यांच्या तुकड्याच्या कडा सौम्य करणाऱ्या गणिताच्या) निवडीमुळे त्यात एक-दोन डेसिबल इकडेतिकडे होतात. उणे १५५ चा तळ म्हणजे एकूण नॉइज उणे ११० च्या आसपास. बिंदू दुप्पट केले की तळ आणखी ३ डेसिबलने खाली सरकतो, आणि डॅक होता तसाच राहतो. एकूण नॉइज हवा असेल तर सॉफ्टवेअरने बेरीज करून दिलेला आकडा घ्यावा, आणि तो २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ या पट्ट्यापुरता आहे ना, हे पाहावे.

आपल्याकडे दुसरा त्रास विजेचा. आलेखावर ५०, १५०, २५० हर्ट्झला काटे उभे राहिले, तर ते बहुधा डॅकचे नसून ग्राउंड लूपचे (उपकरणांच्या ग्राउंडच्या तारांतून फिरणाऱ्या प्रवाहाचे) असतात. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवावा, डॅक आणि इंटरफेस एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्यावेत आणि पंख्याचा रेग्युलेटर बंद करावा. आमच्याकडे जून-जुलैत लाइट गेली की मी मुद्दाम मोजणी चालू ठेवतो, कारण तेव्हा भिंतीतल्या वायरिंगचे चुंबकीय क्षेत्रही नाहीसे होते आणि जो काटा त्या क्षणी खाली बसतो तो बाहेरचा होता, हे डोळ्यांदेखत सिद्ध होते. इन्व्हर्टर मात्र त्या वेळी बंद हवा. स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर घेतलेला आलेख खरोखर कंगव्यासारखा दिसतो. किनाऱ्याकडे राहणाऱ्यांनी आरसीएच्या पिना अधूनमधून पुसाव्यात, नाहीतर खाऱ्या दमट हवेने काळवंडलेला सांधा केबल हलवताच नवा आकडा दाखवतो.

डायनॅमिक रेंजसाठी (सर्वांत मोठा स्वर आणि नॉइज यांतील अंतरासाठी) उणे ६० डेसिबलचा स्वर वाजवून त्या स्वराच्या तुलनेत नॉइज आणि डिस्टॉर्शन मोजावे आणि त्यात ६० मिळवावेत. वाचन ४८ आले तर रेंज १०८. आउटपुट इम्पीडन्स (आउटपुटचा अंतर्गत रोध) काढणे त्याहून सोपे आहे. मोकळ्या आउटपुटवर २.०० व्होल्ट आणि १ किलोओहमचा रेझिस्टर जोडल्यावर १.८२ व्होल्ट आले, तर इम्पीडन्स सुमारे ९९ ओहम. जिटरची (घड्याळाच्या ठोक्यांतल्या सूक्ष्म डळमळीची) चाचणी सुरुवातीला करू नये असे माझे मत आहे. अभियंते ज्युलियन डन यांची त्यासाठीची जे-टेस्ट सहज वाजवता येते, परंतु मुख्य स्वराच्या दोन्ही अंगांना दिसणारी टोके डॅकच्या घड्याळाची की एडीसीच्या, हे दुसरा एडीसी हाताशी असल्याशिवाय सांगता येत नाही.

नोकरीच्या अर्जासोबत अशी मोजणी जोडायची असेल, तर नुसते ‘सिनॅड १०४’ (स्वराचे नॉइज आणि डिस्टॉर्शनशी गुणोत्तर, डेसिबलमध्ये) लिहू नये. आउटपुटची पातळी, स्वराची फ्रिक्वेन्सी, बँडविड्थ, एफएफटीची लांबी, विंडो आणि त्याच दिवशी घेतलेला लूपबॅकचा आकडा शेजारी लिहावा. चाचणी विभागाच्या मुलाखतीत मला डॅकबद्दल जेमतेम विचारले. बराच वेळ लूपबॅकच्या रकान्यावरच चर्चा चालली.