नव्या चेनसॉची ताकद वाढवायची? आधी घड्याळ लावा

जून २०२० मध्ये निसर्ग आणि मे २०२१ मध्ये तौक्ते, अशी लागोपाठ दोन वादळं येऊन गेली आणि कोकणातल्या किती बागा आडव्या झाल्या ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्यानंतर आमच्या वाडीत बऱ्याच घरी चेनसॉ, म्हणजे पेट्रोलवर चालणारी लाकूड कापायची करवत, आला. कोणी त्याला कटर म्हणतं, कोणी नुसतं मशीन. नवं मशीन आलं की आठवड्याभरात एक प्रश्न ठरलेला असतो: "ताकद कमी वाटते हो, सायलेन्सर खोलून मोठा करू का?"

सायलेन्सर मोकळा केल्याने फरक पडतो, यात खोटं काही नाही. पण ते शेवटचं काम आहे. नव्या मशीनमध्ये इंजिनाची ताकद असते, ती लाकडापर्यंत पोचत नसते, आणि अडते ती बहुतेक वेळा चेनमध्ये. म्हणून मी सांगतो तो क्रम उलटा वाटेल: आधी मोजा, मग चेन, मग पट्टी (जिच्याभोवती चेन फिरते ती), आणि तरीही हाव उरली तर सायलेन्सर. उदाहरणाला बाजारात ५८ सीसी म्हणून मिळणारं, २२ इंची पट्टीचं आणि ०.३२५ इंच पिचच्या, म्हणजे कड्यांमधल्या अंतराच्या, चेनचं साधं मशीन धरलं आहे.

सुरुवातीच्या चार-पाच टाक्या

कोऱ्या इंजिनावर कसलाही प्रयोग करू नका. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला बसायला पेट्रोलच्या चार-पाच टाक्या जातात. तोवर सलग फुल रेस नको आणि जाड ओंडकेही नकोत. पेट्रोलमध्ये मिसळायच्या ऑइलचं प्रमाण माहितीपत्रकात असेल तेच ठेवा. २५ ला १ म्हणजे लिटरला ४० मिली, ५० ला १ म्हणजे २० मिली. ऑइल टू-स्ट्रोकचंच हवं, चारचाकीचं उरलेलं नाही.

आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतली ओल धरतं आणि कार्ब्युरेटरमधल्या रबरी पडद्यांना त्रास देतं. मिश्रण लागेल तेवढंच करा आणि मशीन पंधरा-वीस दिवस बंद राहणार असेल तर टाकी रिकामी करून, ते आपोआप बंद पडेपर्यंत चालवून ठेवा. या पाच टाक्यांत बरेच नटबोल्ट ढिले होतात. सगळे एकदा आवळून घ्या.

मोजमाप

"आता झकास चालतंय" हे कानाचं मत झालं. आवाज वाढला की ताकद वाढल्यासारखी वाटतेच. म्हणून एक सरळ, गाठी नसलेला ओंडका बाजूला काढा. आमच्याकडे पडलेला आकेशिया भरपूर, म्हणून मी तो घेतो. आंबाही चालेल, पण सगळ्या चाचण्या एकाच ओंडक्यावर झाल्या पाहिजेत. गोल खोड एका टोकाला निमुळतं होत जातं, त्यामुळे शक्य असेल तर चारी बाजूंनी तासून चौकोनी करा. ओंडका घोडीवर पक्का बांधा. हलला तर वेळेला काही अर्थ नाही, आणि पायाला धोका आहे तो वेगळाच.

मशीन दोन-तीन मिनिटं गरम करा. टाकी दर वेळी अर्धी ठेवा. मग पाच सेंटिमीटर जाडीच्या चकत्या कापा. मशीनवर जोर द्यायचा नाही, त्याच्या वजनाने ते जेवढं उतरेल तेवढंच उतरू द्यायचं. दुसऱ्या कोणाला तरी मोबाइलवर चित्रीकरण करायला सांगा. चेन लाकडाला टेकल्यापासून चकती पडेपर्यंतचा वेळ नंतर निवांत मोजता येतो. पहिली चकती सोडून द्या, पुढच्या तीन चकत्यांची सरासरी वहीत लिहा. समजा १५ सेकंद लागत होते आणि फेरफारानंतर १२ लागले, तर वेळ २० टक्के कमी झाला आणि कापण्याचा वेग २५ टक्के वाढला. एका वेळी एकच बदल करायचा. दोन बदल एकदम केलेत तर श्रेय कोणाला द्यायचं ते कळत नाही.

आणखी एक गोष्ट फुकटात कळते. खाली काय पडतंय ते बघा. धारदार चेन लांबट कपच्या उडवते. पिठासारखा भुसा पडत असेल तर इंजिनाला दोष देऊ नका.

चेन

खरी कमाई इथे आहे, म्हणून घाई नको. चेनचा प्रत्येक कापणारा दाता नीट बघा. मागे धारेची चोच असते आणि तिच्यापुढे एक बुटका कान असतो. दात्याने एका वेळी किती लाकूड उचलायचं ते हा कान ठरवतो. तो चोचीपेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली हवा. नवी चेन खोक्यातून काढलेली असली तरी सगळे दाते सारखे असतातच असं नाही, विशेषतः स्वस्त चेनमध्ये. एका बाजूचे दाते लांब आणि दुसरीकडचे आखूड असले की मशीन सरळ न उतरता एका अंगाला वळतं. चीर वाकडी आली की ताकद घर्षणात गेली.

०.३२५ पिचला ४.८ मिलिमीटरची गोल कानस लागते. पट्टी वाइसमध्ये धरा आणि सगळ्यात आखूड दाता शोधा. बाकीच्यांना त्याच्या मापावर आणायचं. कोन बहुतेक चेनना ३० अंशांचा असतो आणि कित्येक चेनच्या दात्यावर त्याची रेघही असते. कानस आतून बाहेर ढकलायची आणि परत आणताना उचलायची. मागे-पुढे घासणं म्हणजे कानशीची धार मारणं. तिचा साधारण पाचवा हिस्सा दात्याच्या वर दिसत राहिला पाहिजे. प्रत्येक दात्याला तीन-चार हात, आणि एका बाजूचे सगळे झाले की मगच दुसरी बाजू.

कान उतरवायला चपटी कानस आणि मापाची पत्री वापरा. ही पत्री हार्डवेअरच्या दुकानात मिळते. अंदाजाने उतरवू नका. कान जास्त खाली गेला की दाता लाकूड उचलत नाही, ओरबाडतो. इंजिन गुदमरतं आणि पट्टीचं टोक उसळून अंगावर येण्याचा धोका वाढतो. मऊ लाकडाला ०.७५ पर्यंत चालतं. साग किंवा सुक्या बाभळीसाठी ०.६५ च्या पलीकडे जाऊ नये, असं माझं मत आहे.

इथे थांबून पुन्हा तीन चकत्या कापा. पुष्कळांची हौस इथेच फिटते.

पट्टी

२२ इंची पट्टी रुबाबदार दिसते, पण एवढ्या इंजिनाला ती जड जाते. तिच्यावर ०.३२५ ची ८६ दुव्यांची (दुवे म्हणजे पट्टीच्या खोबणीत चालणाऱ्या कड्या) चेन चढते, १८ इंचीवर ७२ दुव्यांची. जेवढी लांबी जास्त तेवढं घर्षण आणि तेल जास्त. फूट-दीड फुटाच्या खोडांसाठी १८ इंची पट्टी लावलीत तर तेच मशीन हलकं वाटतं. फक्त खोबणीची रुंदी आणि बसवण्याची भोकं जुळतात का ते बघून घ्या.

तेल पोचतं का हे तपासायला पट्टीचं टोक पांढऱ्या पुठ्ठ्यापासून वीतभर लांब धरून रेस द्या. पुठ्ठ्यावर तेलाची रेघ उमटली पाहिजे. चेनला जळकं इंजिन ऑइल घालायची आपल्याकडे सवय आहे. त्यातला धातूचा चुरा पट्टीची खोबणी खातो. हा बचतीचा प्रकार नव्हेच.

इंजिनाकडचं, चेन फिरवणारं गियर सातऐवजी आठ दात्यांचं लावलं तर चेनचा वेग साधारण १४ टक्के वाढतो, पण ओढ त्याच प्रमाणात कमी होते. जाड लाकडात मशीन बसतं. मी लावत नाही.

सायलेन्सर

आता हौसेचं काम. वॉरंटी असेल तर ती गेली समजा. मशीन पूर्ण गार झाल्यावर प्लगची टोपी काढा आणि सायलेन्सर उतरवा. इंजिनाच्या धूर सोडणाऱ्या भोकात टॉर्च मारून पिस्टनचा चेहरा बघा. उभ्या रेघा नसतील, चकचकीत असेल तर ठीक. मग पिस्टन वर आणून ते भोक झाकून घ्या आणि वर कापड कोंबा. लोखंडाचा एक कण आत गेला तरी पुरतो.

सायलेन्सरमधून धूर बाहेर पडायची वाट सिलिंडरच्या या भोकाच्या ७० ते ८० टक्के असावी, असा ढोबळ हिशेब चालतो. समजा सिलिंडरचं भोक २८ बाय १० मिलिमीटर, म्हणजे २८० चौरस मिलिमीटर. त्याचे ७५ टक्के २१०. सायलेन्सरला मुळात १२ मिलिमीटरचं एक भोक असेल तर ते ११३. उरलेल्या ९७ साठी ११ मिलिमीटरचं एक भोक पाडलं की झालं. नवं भोक अशा ठिकाणी घ्या की गरम वारा प्लॅस्टिकवर, हातावर किंवा टाकीवर येणार नाही. कडा कानसून घ्या, आतला चुरा रॉकेलने धुऊन सुकवा, गॅस्केट नीट बसवा. ठिणगी अडवणारी जाळी फेकू नका आणि नव्या भोकावरही तसलीच जाळी लावा. फेब्रुवारीनंतर रानात गवत सुकलेलं असतं आणि वणव्याला एक ठिणगी पुरते.

यानंतर कार्ब्युरेटरला हात लावल्याशिवाय मशीन लाकडात घालायचं नाही. हे मी शिकलो ते पैसे मोजून. माझ्या पहिल्या मशीनचा सायलेन्सर मी उघडला, आवाज ऐकून खूश झालो आणि थेट फणसावर चाललो. दुसऱ्या टाकीला ते ओरडता ओरडता अडलं. उघडून पाहिलं तर पिस्टनवर नखाने ओरबाडल्यासारख्या उभ्या रेघा. धूर मोकळा निघाला की हवा जास्त आत येते, मिश्रण पातळ होतं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं), आणि टू-स्ट्रोकला ऑइल पेट्रोलबरोबरच मिळत असल्याने पातळ मिश्रण म्हणजे कमी ऑइल.

कार्ब्युरेटरवरचा एच लिहिलेला, म्हणजे फुल रेसचं पेट्रोल ठरवणारा, स्क्रू घड्याळाच्या उलट दिशेने अष्टमांश फेरा सोडा. फुल रेसला, दोन-तीन सेकंदच, कान द्या. आवाज किंचित तुटक, भरडल्यासारखा आला पाहिजे आणि चेन लाकडात शिरताच तो सरळ व्हायला हवा. मोकळ्या रेसला शिट्टीसारखा स्वच्छ आवाज येत असेल तर मिश्रण पातळ आहे, अजून सोडा. प्लगच्या वायरीला गुंडाळायचं फेरे मोजणारं यंत्र मिळतं. कमाल फेरे माहितीपत्रकातल्या आकड्याच्या खालीच ठेवा. एल स्क्रूने रेस उचलणं सुधारतं, तिसऱ्याने आयडल. आयडलला चेन फिरता कामा नये. टाकीभर कापल्यावर प्लग काढा. चहाच्या रंगाचा असेल तर जमलं, पांढरा असेल तर ताबडतोब थांबा. स्वतःच मिश्रण जुळवणाऱ्या महागड्या मशीनना हे स्क्रू नसतातच.

सिलिंडरखालचं गॅस्केट काढून दाब वाढवणं, पोर्ट (सिलिंडरची भोकं) घासणं हेही लोक करतात. घरच्या पडवीत ते काम करू नये.

पुन्हा ओंडक्याकडे

तोच ओंडका, तीच चेन, पण ताजी धार लावून, कारण आधीच्या चकत्यांनी ती थोडी बोथट झालेली असते. हेल्मेट, चष्मा, कानावर मफ आणि पायाला कापविरोधी पँट हवीच. मोकळ्या सायलेन्सरने आवाज आणखी वाढतो, म्हणून मफ तर आधी. चेनचा ब्रेक दर वेळी तपासा. चाचणीसाठी उभं झाड तोडायला जाऊ नका. १९६४ च्या वृक्षतोड कायद्यात नोंद असलेल्या झाडांना स्वतःच्या जमिनीतही परवानगी लागते.

दोन टाक्यांनंतर सायलेन्सरचे बोल्ट पुन्हा आवळा, उष्णतेने ते हमखास सैल होतात. चाचणीच्या चकत्या मात्र टाकू नका. आमच्या आईने त्यांवर पातेली ठेवायला सुरुवात केली आणि आता शेजारच्या काकूही विचारतात की पुढची चाचणी कधी.