सात रात्रींची क्रूझ: सामान किती न्यायचं आणि कुठल्या बॅगेत

सात रात्रींच्या क्रूझला माणशी एक मध्यम सुटकेस आणि पाठीवरची एक सॅक पुरते. चौदा रात्रींनाही तेवढंच पुरतं. याहून दुप्पट सामान सांगणाऱ्या याद्या मी पुष्कळ वाचल्या आणि सुरुवातीला पाळल्याही. त्या याद्या वस्तू मोजत बसतात, पण ती वस्तू लागेल तेव्हा बॅग कुठे असेल याचा विचार करत नाहीत. क्रूझवर तुमची मोठी बॅग दोनदा तुमच्या हातातून जाते: पहिल्या दुपारी आणि शेवटच्या रात्री. काय न्यायचं, किती न्यायचं आणि कशात ठेवायचं, हे सगळं या दोन वेळांवर ठरतं.

आधी बॅगेचं माप

बहुतेक क्रूझ कंपन्या सामानाच्या वजनाबाबत फार कडक नसतात. ‘कितीही न्या, चालतं’ हा सल्ला त्यातूनच निघालेला आहे आणि तो वाईट सल्ला आहे. बंदरापर्यंत विमानाने जाणार असाल, तर मर्यादा विमान कंपनीची असते. पुष्कळ आंतरराष्ट्रीय मार्गांवर इकॉनॉमीत एका बॅगेला २३ किलोच चालतात. जहाजावर पोचल्यावर मर्यादा केबिनची. साधी, खिडकी नसलेली केबिन साधारण १३ ते १७ चौरस मीटरची असते. पलंग, कपाट, टेबल आणि न्हाणीघर त्यातच. रिकाम्या सुटकेसला जागा उरते ती पलंगाखाली. दोघांच्या चार मोठ्या बॅगा तिथे मावत नाहीत, मग आठवडाभर त्या ओलांडत चालावं लागतं.

म्हणून ६५ सेंटिमीटरच्या आसपास उंचीची सुटकेस घ्या आणि निघताना ती १७-१८ किलोंच्या वर जाऊ देऊ नका. उरलेले पाच किलो परतीच्या खरेदीसाठी. भरून झाली की सुटकेस आणि सॅक दोन्ही घेऊन, कुणाची मदत न घेता, दोन मजले जिना चढून बघा. दम लागला आणि मधे थांबावं लागलं, तर काहीतरी बाहेर काढा. ही परीक्षा का घ्यायची, ते शेवटच्या सकाळी कळतं.

सॅक: इथेच बहुतेकांचं चुकतं

सॅक आधी भरायची, सुटकेस नंतर. लोक उलट करतात. सुटकेसमध्ये जे मावलं नाही ते सॅकमध्ये कोंबतात. मीही तेच केलं होतं.

माझी पहिली क्रूझ आईसोबत होती. आई इन्सुलिन घेते. विमानात ते माझ्या खांद्यावरच्या पिशवीत होतं, तिथपर्यंत सगळं ठीक होतं. पण जहाजात चढायच्या दिवशी सकाळी पिशवी हलकी करावी म्हणून मीच ते मोठ्या बॅगेत ठेवलं. चार क्रूझ केलेल्या एका ओळखीच्या बाईंनी सांगितलं होतं, “आपण वर चढेपर्यंत सामान केबिनच्या दारात आलेलं असतं.” साडेअकराला बंदरावर बॅग हमालाच्या हवाली केली. पाच वाजता आजूबाजूच्या दारांत बॅगा दिसू लागल्या, आमची दिसेना. सहाला आईची जेवणाची वेळ. मी स्वागतकक्षाच्या रांगेत उभी राहिले, तिथून मला खालच्या डेकवर सुरक्षा विभागात पाठवलं. आमची बॅग तिथे होती. तपासणीत तिच्यात एक एक्स्टेंशन बोर्ड दिसला होता, म्हणून ती अडवून ठेवली होती. बोर्ड काढून घेतला, पावती दिली, बॅग मिळाली. तोवर आठ वाजले होते. आई दोन तास न जेवता केबिनमध्ये बसून होती आणि तिने तक्रारीचा एक शब्दही काढला नाही. ते मला अजून लागतं.

यामागचं काम समजून घेतलं की ही चूक पुन्हा होत नाही. धक्क्यावर दिलेली बॅग आधी क्ष-किरण यंत्रातून जाते, मग मोठ्या जाळीदार गाड्यांमध्ये रचली जाते, जहाजाच्या पोटात चढते, तिथे डेकनुसार वेगळी होते आणि मग कर्मचारी ती एकेका दारापर्यंत आणतात. २०२४ मध्ये प्रवासाला लागलेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’सारख्या जहाजात एका खोलीत दोघे धरले तरी ५,६०० च्या वर प्रवासी असतात. त्या सगळ्यांच्या बॅगा एका दुपारीत पोचवायच्या असतात. तुमची दोनला येईल किंवा रात्री आठला. त्यात अडवण्यासारखं काही सापडलं, तर ती येणारच नाही; तुम्हाला जावं लागेल.

तेव्हा सॅक भरताना स्वतःला एकच प्रश्न विचारा: मोठी बॅग उद्या सकाळपर्यंत आली नाही, तर माझं काय अडेल? जे अडेल ते सॅकमध्ये.

पासपोर्ट, व्हिसा आणि चढण्याची कागदपत्रं पहिली. ती मोठ्या बॅगेत गेली की तुम्ही टर्मिनलच्या काउंटरवर अडकलात, आणि तेवढ्यात बॅग गाडीत रचली जात असते. मी ही धावपळ दोनदा डोळ्यांनी पाहिली आहे. पुढे औषधं. पहिल्या दिवसापुरती नको, संपूर्ण प्रवासाची आणि वर दोन-तीन दिवसांची जास्तीची, मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. इन्सुलिनसारखं गार ठेवायचं औषध असेल, तर त्याची थंड राहणारी पिशवी वेगळी आणि कंपनीला आधीच कळवणं. केबिनमधला छोटा फ्रिज अनेकदा नुसता गारवा देतो, औषधाला लागणारं नेमकं तापमान तो राखेलच असं नाही. नंबराचा चष्मा, लेन्स, चार्जर, दागिने, कॅमेरा हेही सॅकमध्येच. पॉवर बँक तर विमानातही हातातल्याच सामानात लागते.

आणि कपड्यांचा एक पूर्ण जोड, रात्रीच्या जेवणाला चालेल असा. ही गोष्ट लोक हमखास विसरतात आणि प्रवासातल्या घामट कपड्यांत पहिलं जेवण करतात. पोहण्याचे कपडेही सॅकमध्ये घ्या. पहिल्या दुपारी तरण तलाव आठवड्यातला सर्वांत मोकळा असतो, कारण बाकीच्यांचे पोहण्याचे कपडे जहाजाच्या पोटात अडकलेले असतात.

एवढं सगळं पाच-सहा किलोंत बसवा. केबिन तयार व्हायला बहुधा दुपारचा एक-दीड वाजतो, तोवर हे ओझं घेऊनच जेवायचं आणि डेकवर फिरायचं असतं. म्हणून चाकांची छोटी बॅग नको. लिफ्ट खच्चून भरलेल्या असतात, जिने अरुंद असतात. पाठीवरची सॅकच हवी.

दोघं जाणार असाल तर एक सवय लावून घ्या. एकमेकांचे दोन-दोन जोड एकमेकांच्या सुटकेसमध्ये ठेवा. विमान कंपनीकडून बॅग चुकली तर जहाज तुमच्यासाठी थांबत नाही, बॅग पुढच्या बंदरावर येऊन मिळते. तोवर कुणाही एकावर सगळ्या कपड्यांना मुकायची वेळ येऊ नये. याच कारणासाठी मी जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशीच त्या शहरात पोचते.

बॅगेवरचा टॅग

कंपनीने पाठवलेला टॅग छापा, प्लास्टिकच्या पाकिटात घाला, मुठीला पक्का बांधा, जुने टॅग काढून टाका. दुसरी प्रत बॅगेच्या आत, सगळ्यात वर.

दिवसाचे कपडे

सात रात्रींसाठी चार वरचे कपडे, दोन खालचे, पोहण्याचे दोन जोड (एक वाळेपर्यंत दुसरा), आठ दिवसांची अंतर्वस्त्रं आणि वारा अडवणारं एक जाकीट. उष्ण प्रदेशातही जाकीट लागतं, कारण चालत्या जहाजाच्या डेकवर संध्याकाळी वारा झोंबतो आणि आतल्या सभागृहांत वातानुकूलन कडक असतं. चौदा रात्री असतील तर कपडे वाढवू नका, मधे एकदा धुऊन घ्या. प्रिन्सेस, कार्निव्हल, डिस्ने या क्रूझ कंपन्यांच्या जहाजांवर प्रवाशांना स्वतः धुण्याची यंत्रं असतात. रॉयल कॅरिबियनवर ती नसतात, तिथे पैसे भरून धुवायला द्यावे लागतात. कपडे धुवायला देणं जास्तीची सुटकेस ओढण्यापेक्षा केव्हाही परवडतं.

पादत्राणं तीन जोड, चौथा नाही. चालायचे बूट पायात घालूनच निघा, ती बॅगेतली सर्वांत जड वस्तू असते. दुसरी, पाण्यात चालणारी सँडल. तिसरी, संध्याकाळची चप्पल किंवा बूट, सपाट किंवा रुंद टाचेचे. बारीक टाचा हलत्या जहाजावर पाय मुरगळायला पुरेशा असतात.

संध्याकाळचे कपडे

सुटकेस फुगते ती इथे. ‘दररोज रात्री नटावं लागतं’ हे कुणी सांगितलं तर त्यांना कंपनीचं नाव विचारा. कुनार्डच्या जहाजांवर संध्याकाळी सहानंतर पोशाखाचे नियम खरोखर पाळले जातात. ‘क्वीन मेरी २’ साउदम्प्टनहून न्यूयॉर्कला साधारण सात रात्रींत जाते, वाटेत बहुधा बंदर नसतं, आणि तिथे नीट नटलेले लोक दिसतात. नॉर्वेजियन कंपनीच्या जहाजांवर मात्र सक्तीची फॉर्मल नाइट, म्हणजे भारी पोशाखात जेवायची रात्र, नसते. बाकीच्या बऱ्याच कंपन्यांत सात रात्रींत एक किंवा दोन फॉर्मल नाइट असतात, आणि त्या रात्रीही ज्यांना नटायचं नसतं ते बुफेत जेवतात.

तेव्हा तिकिटासोबत आलेलं पोशाखाचं पान वाचा, फॉर्मल नाइट किती ते मोजा आणि कितीही असल्या तरी एकच भारी पोशाख घ्या. दुसऱ्या वेळी स्टोल, टाय किंवा गळ्यातलं बदला. बाकी संध्याकाळींना तीन साधे, नेटके जोड आलटून पालटून पुरतात. मी दोन्ही रात्री एकच पोशाख घालून गेले आहे, काही बिघडलं नाही. चुरगळणारं कापड मात्र घेऊ नका, कारण बहुतेक जहाजांवर इस्त्री आणू देत नाहीत.

काय नेऊ नये

इस्त्री, कपड्यांचा स्टीमर, किटली, मेणबत्त्या आणि सर्ज प्रोटेक्टर (विजेचा दाब अचानक वाढला तर उपकरणं वाचवणारी सोय) असलेला एक्स्टेंशन बोर्ड. समुद्रात आग हा सर्वांत मोठा धोका असतो, म्हणून या वस्तूंना बंदी आहे. घराच्या वायरिंगला अर्थिंग असतं तसं जहाजाच्या वीजव्यवस्थेत सहसा नसतं, आणि घरात उपयोगी पडणारा सर्ज प्रोटेक्टर तिथे तापून पेटू शकतो. माझा बोर्ड काढून घेतला तेव्हा मला राग आला होता. कारण कळल्यावर तो गेला. त्याऐवजी अनेक तोंडांचा यूएसबी चार्जर न्या आणि जहाजावर कोणत्या प्रकारचे प्लग आहेत ते आधी बघा.

टॉवेल, शाम्पू, केस वाळवायचं यंत्र घरी ठेवा. जहाजावर मिळतात. चुंबकाचे चार हुक मात्र जरूर घ्या. केबिनच्या भिंती बहुधा पोलादी असतात, ओले कपडे, टोप्या, सॅक सगळं भिंतीवर जातं आणि चालायला जागा होते.

बंदरांप्रमाणे थोडा फरक

भूमध्य समुद्रात चर्च बघायची असतील, तर खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे हवेत. व्हॅटिकनच्या सेंट पीटर्समध्ये त्यांशिवाय आत सोडत नाहीत. कॅरिबियनमध्ये बार्बेडोस, जमैका, त्रिनिदाद अशा देशांत लष्करी ठिपक्यांचे कपडे सामान्य माणसाने घालणं बेकायदा आहे, लहान मुलांचेही नेऊ नका. अलास्काला एकावर एक घालायचे पातळ थर आणि चांगला रेनकोट. जाड कोटाने नुसती बॅग भरते. हवाईत ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट ही रसायनं असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर २०२१ पासून बंदी आहे, प्रवाळाला त्यांनी इजा होते म्हणून. विकत घेतलेली बाटली घरून नेणार असाल तरी मागचं लेबल वाचा. सँटोरिनीसारख्या ठिकाणी जहाज धक्क्याला लागत नाही, छोट्या बोटीत उतरावं लागतं. तिथे दोन्ही हात मोकळे हवेत.

शेवटची रात्र

इथे बॅग दुसऱ्यांदा हातातून जाते. कंपनी नवे टॅग देते आणि रात्री दहा ते बाराच्या दरम्यान बॅगा दाराबाहेर ठेवायला सांगते. सकाळी त्या थेट टर्मिनलमध्ये मिळतात. बॅग बंद करण्याआधी दुसऱ्या दिवशीचे सगळे कपडे, अंतर्वस्त्रांपासून बुटांपर्यंत, पलंगावर मांडा. नुसते आठवू नका, मांडा. माझ्या शेजारच्या केबिनमधले आजोबा एकदा रात्रीच्या कपड्यांत, केबिनमधल्या सपाता घालून उतरले होते, कारण पँट आणि बूट बॅगेबरोबर गेले होते. औषधं, पासपोर्ट, चार्जर पुन्हा सॅकमध्ये.

मी आता बॅग दाराबाहेर ठेवतच नाही. बहुतेक कंपन्या आपलं सामान स्वतः घेऊन उतरण्याची मुभा देतात, आणि असे लोक सर्वांत आधी उतरतात. अट एवढीच, की सगळं एका फेरीत स्वतः उचलता आलं पाहिजे. त्या सकाळी लिफ्टसमोर रांगा लागलेल्या असतात. मी सॅक पाठीवर टाकते, सुटकेस उचलते आणि जिन्याने उतरते. आई पुढे चालते, तिची इन्सुलिनची पिशवी तिच्या स्वतःच्या खांद्याला असते.