सातवी-आठवीचं गणित : ‘सिली मिस्टेक’ म्हणून सोडून देऊ नका अशा चुका

घटक चाचणीचा पेपर घरी आला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, “येतं सगळं त्याला, पण सिली मिस्टेक करतो.” जरा दोन-तीन पेपर शेजारी-शेजारी ठेवून बघा. तीच चूक तशीच पुन्हा होत असेल, तर तो धांदरटपणा नव्हे. पोराच्या डोक्यात एखादा नियम पक्का बसलाय आणि तो भलत्याच ठिकाणी लागतोय. गंमत म्हणजे तो नियम बहुतेकदा आपणच पाठ करून घेतलेला असतो.

पहिला मान ‘मायनस मायनस प्लस’चा. हा नियम गुणाकार-भागाकाराचा. मुलं तो −३ − ५ ला लावतात आणि +८ लिहून मोकळी होतात. अशा वेळी नियम पुन्हा घोकून घेतला तर चूक आणखी घट्ट बसते. त्यापेक्षा सोलापूर जिल्ह्यातल्या उजनी धरणाचा विषय काढा. उन्हाळ्यात धरण ‘वजा’त जातं, हे सोलापूरच्या पोराला वेगळं सांगावं लागत नाही. उजनी वजा ३ टक्क्यांवर आहे, आणखी ५ टक्के उतरली, आता कुठे? वजा ८, असं उत्तर लगेच येतं. मग विचारा, वजा ३० वरून वजा १० वर आली तर पाणी वाढलं की घटलं? −३० ही −१० पेक्षा लहान का, तेही इथेच सुटतं.

उजनीचा आणखी एक उपयोग आहे. शून्य म्हणजे ‘काहीच नाही’, ही पहिलीतली समजूत मुलं सातवीपर्यंत ओढत आणतात. धरण शून्य टक्क्यांवर असतं तेव्हा त्यात मृतसाठ्याचं जवळपास ६३ टीएमसी पाणी असतंच, फक्त उपयुक्त साठा संपलेला असतो. शून्य ही आपण ठरवलेली खूण आहे. ती पटली की तिच्याखालच्या संख्यांचं भय राहत नाही.

आता कंचेभागुबेव. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी, या क्रमाने मुलं जातात आणि १२ − ५ + ३ मध्ये आधी ५ + ३ करून उत्तर ४ काढतात. बरोबर उत्तर १०. बेरीज-वजाबाकीची पायरी एकच. डावीकडून जे आधी येईल ते आधी. भागाकार-गुणाकाराचंही तसंच, पण तिथे भागाकार आधी केला तरी उत्तर बिघडत नाही. ६ × ८ ÷ ४ कसंही करा, १२ च येतात. म्हणून हा घोळ बराच काळ लपून राहतो आणि बेरजेपाशी उघडा पडतो.

समीकरणात ‘पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं’ हे वाक्य मला मुळीच आवडत नाही. ३क्ष = १२ मध्ये मुलं ३ पलीकडे नेऊन १२ − ३ = ९ करतात. महिनाभर हे ‘नेणं’ बंद ठेवा. ‘दोन्ही बाजूंना ३ ने भागलं’ असं पूर्ण वाक्य वहीत येऊ द्या, आणि आलेली किंमत मूळ समीकरणात घालून बघायची सवय लावा. ३ × ९ म्हणजे २७, १२ नव्हेत. चूक मुलाला स्वतःलाच सापडते.

शेकडेवारीत एकच प्रश्न सतत विचारायचा : कशाचे टक्के? ८०० रुपयांच्या चादरीची किंमत २० टक्क्यांनी वाढवली आणि मग २० टक्के सूट दिली, तर पुन्हा ८०० होत नाहीत. वाढून ९६० झाले, सूट त्या ९६० वर, म्हणून ७६८. सोलापूरच्या नवी पेठेतला दुकानदार इथे चुकत नाही, आठवीतला मुलगा चुकतो.

दशांशात ०.३५ हे ०.४ पेक्षा मोठं वाटणं, किंवा १.५ तास म्हणजे १ तास ५० मिनिटं लिहिणं, यावर फार वेळ घालवू नका. मीटरची टेप आणि घड्याळ समोर ठेवा, पुरे.

पन्नास गणितं सोडवून घेण्याआधी तीनच द्या : −३ − ५, (−३) × (−५) आणि −३ + ५. मोठ्याने बोलत सोडवू द्या, मध्ये टोकू नका. −८, १५, २ आली तर पुढे चला. पहिल्याचं उत्तर +८ आलं, तर गुणाकाराचा नियम अजून बेरीज-वजाबाकीत घुसतोय. तिसऱ्याचं −८ आलं, तर सुरुवातीचं मायनस अख्ख्या उदाहरणाला चिकटवलंय; तिथे पुन्हा उजनीवर या, आणि या वेळी धरणात पाणी येऊ द्या.